शपथेत नेत्याचे नाव कशाला?

फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे ३१ जुलै २०२४ रोजी जयपुरात राजस्थानचे राज्यपाल झाले. त्या दिवशी आपल्याकडे बोलणे झाले ते नानांच्या साधेपणाचे आणि आयुष्यभराच्या पक्षनिष्ठेचे. त्यांनी उच्चारलेल्या शपथेकडे फारसे कुणी कान दिले नाहीत. खरे तर ती ऐकण्याजोगी होती. आमदारकीची शपथ नानांनी आधी अनेकदा घेतलेली. ही त्याहून वेगळी. राज्यपालाची शपथ संविधानाच्या १५९ व्या अनुच्छेदात आहे आणि ती राष्ट्रपतींच्या शपथेच्या, म्हणजे ६० व्या अनुच्छेदाच्या, साच्यातून काढलेली आहे. दोन्हींत तीनच वचने: पदाचे काम निष्ठेने करीन, संविधान आणि कायदा यांचे सगळी ताकद लावून रक्षण करीन आणि जनतेच्या सेवेला व कल्याणाला वाहून घेईन.

हे तिसरे वचन मंत्र्यांच्या शपथेत नाही. आमदार-खासदारांच्या नाही, न्यायाधीशांच्याही नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची शपथ अवघ्या ३५ शब्दांची आहे आणि ती संविधानाच्या रक्षणापाशी थांबते. लोकसेवेचा शब्द तिच्यातही नाही. म्हणजे आपल्याकडे ज्याच्या हाती रोजचा कारभार सर्वांत कमी, त्याच्याकडून जनसेवेचे वचन सर्वांत स्पष्ट शब्दांत घेतलेले, आणि ज्याच्या सहीने टँकर सुटतो, रस्ता मंजूर होतो, त्याच्याकडून तेवढ्या स्पष्टपणे नाही. गंमतच म्हणायची.

असो. मुद्दा हा की शपथेतला एकेक शब्द ठरवून ठेवलेला आहे, आणि त्या शब्दांच्या आजूबाजूला जे चालते ते जवळपास सगळे नंतर जमलेले आहे. राष्ट्रपतींचेच बघा. २५ जुलै ही तारीख संविधानात कुठेही नाही. फखरुद्दीन अली अहमद फेब्रुवारी १९७७ मध्ये पदावर असतानाच वारले, मग निवडणूक होऊन नीलम संजीव रेड्डी यांनी २५ जुलै १९७७ ला शपथ घेतली. त्यानंतर प्रत्येकाने पाच वर्षांची मुदत पुरी केली, म्हणून द्रौपदी मुर्मूंपर्यंत सगळ्यांचा शपथेचा दिवस तोच आला. संसदेचे मध्यवर्ती सभागृह, २१ तोफांची सलामी, घोडेस्वारांचे पथक, शपथ होताच मावळत्या आणि नव्या राष्ट्रपतींनी खुर्च्यांची अदलाबदल करणे, हा सगळा रिवाज. बघायला छान वाटतो. पण राजेंद्रप्रसादांनी २६ जानेवारी १९५० ला दरबार हॉलमध्ये शपथ घेतली म्हणून ती उणी ठरली नाही. संविधान दोनच गोष्टींचा आग्रह धरते: मजकूर कोणता आणि तो कोणासमोर म्हणायचा. सरन्यायाधीशांसमोर, ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीशांसमोर. शपथ म्हणायची आणि त्याखाली सही करायची. एवढेच.

अमेरिकेत तर शपथ कोणी द्यायची याचाही नियम नाही. १९२३ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले तेव्हा उपाध्यक्ष केल्विन कूलिज व्हरमाँटमध्ये वडिलांच्या घरी होते; नोटरी असलेल्या वडिलांनीच मुलाला कंदिलाच्या उजेडात रात्री अडीचनंतर शपथ दिली. केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी विमानात घेतली. बायबलवर हात ठेवणे हासुद्धा रिवाजच. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ मध्ये त्याशिवाय शपथ घेतली. पण २००९ साली सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून एक क्रियाविशेषण मागेपुढे झाले आणि ओबामांनाही अडखळायला झाले, तर दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधल्या एका खोलीत, गर्दी-बँडबाजाशिवाय, त्यांनी शपथ पुन्हा घेतली. शंकेला जागा नको म्हणून. जागा कुठलीही चालेल, मजकुराला धक्का नको, ही त्यामागची समजूत मला पटते.

आपल्या व्यवस्थेत आणखी एक बारकावा आहे, त्याकडे आपण दुर्लक्ष करतो. सरन्यायाधीशांना शपथ राष्ट्रपती देतात आणि राष्ट्रपतींना सरन्यायाधीश. मावळता राष्ट्रपती नव्याला शपथ देत नाही, पंतप्रधान देत नाहीत, ज्या पक्षाने निवडून आणले त्याचा अध्यक्ष तर नाहीच नाही. १९६९ मध्ये झाकिर हुसेन गेले, हंगामी कारभार पाहणाऱ्या व्ही. व्ही. गिरींनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनाच राष्ट्रपतिपदाचे काम पाहावे लागले. तेव्हा इतरांना शपथ देणाऱ्या त्या माणसानेही आपल्या कनिष्ठ सहकाऱ्यासमोर उभे राहून शपथ घेतली. या साखळीच्या टोकाला कुणी माणूस बसवलेलाच नाही. टोकाला आहे तो छापील मजकूर.

आता हे मराठवाड्यात बसून मी का सांगतोय? कारण टोकाला माणूस असलेले राज्य आपण पाहिलेले आहे. आपण म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद या पाचही जिल्ह्यांवर निजामाचा अंमल होता. कायदा फर्मानातून निघे, काही इलाखे थेट निजामाच्या खासगी मालकीचे, म्हणजे सर्फ-ए-खास. कारभारी चांगला असो की वाईट, त्याने निष्ठा वाहायची ती एका माणसाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले ते जुलमाविरुद्ध, रझाकारांविरुद्ध, हे तर खरेच. पण राज्य एका माणसाचे नसते, हेही त्या लढ्यातून ठरायचे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. पुढचा भाग आपल्या भाषणांतून सहसा येत नाही.

ज्या फर्मानांनी राज्य चाले, तशाच एका फर्मानाने निजामाने २३ नोव्हेंबर १९४९ ला भारताचे संविधान हेच हैदराबाद संस्थानाचे संविधान म्हणून स्वीकारले. आणि २६ जानेवारी १९५० ला तेच निजाम, मीर उस्मान अली खान, हैदराबादचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागी असलेले घटनात्मक प्रमुख, झाले. संविधानाच्या मूळ प्रतीत राजप्रमुखाच्या व्याख्येत हैदराबादच्या निजामाचा उल्लेखच आहे. राजप्रमुखालाही राज्यपालाचीच शपथ लागू होती. म्हणजे कालपर्यंत ज्याच्या पायाशी सगळ्यांची निष्ठा होती, त्याने स्वतः एका पुस्तकाचे रक्षण करण्याचे आणि कालपर्यंतच्या रयतेच्या सेवेला वाहून घेण्याचे वचन दिले. पुढे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, मराठवाडा मुंबई राज्यात जाईपर्यंत, ते त्या शपथेखाली पदावर राहिले. ते त्यांनी मनापासून केले का, मला माहीत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. मन तपासायचे नव्हतेच. शब्द ठरलेले होते आणि ते सगळ्यांना लागू होते, निजामालाही. मुक्तिसंग्रामाचा हा शेवट सैन्याच्या कारवाईइतकाच मोठा मानला पाहिजे असे मला वाटते.

म्हणून मंत्री शपथेच्या आधी नेत्याचे नाव घेतात तेव्हा मला ती निरुपद्रवी भक्ती वाटत नाही. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे आणि त्यांचे सहकारी शपथ घेत होते. कुणी बाळासाहेबांचे, कुणी शरद पवारांचे, कुणी सोनिया गांधींचे नाव घेतले. विरोधी बाकांवरून लगेच ओरड झाली की ही शपथच नियमाला धरून नाही. महिनाभराने, ३० डिसेंबरला, के. सी. पाडवी यांनी ठरल्या मजकुराबाहेरची वाक्ये जोडली तेव्हा राज्यपाल कोश्यारी संतापले आणि त्यांना शपथ पुन्हा घ्यायला लावली. राज्यपालांचे बरोबर होते. पण मग पाच वर्षांनी, ५ डिसेंबर २०२४ ला, आझाद मैदानावर एकनाथ शिंदे यांनी शपथेला सुरुवात करताना बाळासाहेब ठाकरे, आनंद दिघे आणि पंतप्रधान मोदी यांची नावे घेतली, तेव्हा २०१९ साली ओरडलेल्यांपैकी कोणाला त्यात वावगे दिसले नाही. आपला माणूस असला की नियम सैल होतो, हा या विषयातला सर्वांत जुना रिवाज.

लोकसभेतही तेच. जून २०२४ मध्ये असदुद्दीन ओवेसींनी शेवटी ‘जय पॅलेस्टाइन’ म्हटले, बरेलीच्या खासदारांनी ‘जय हिंदुराष्ट्र’ म्हटले, विरोधी पक्षातल्या अनेकांनी संविधानाची प्रत उंचावत ‘जय संविधान’ म्हटले. त्यानंतर अध्यक्षांनी आपल्या निर्देशांत दुरुस्ती करून शपथेच्या आधी वा नंतर एकही शब्द जोडायचा नाही असे घातले. काही मित्रांना यात मुस्कटदाबी दिसते. मला नाही दिसत. ‘जय भीम’ आणि ‘जय संविधान’ या घोषणा मलाही माझ्या वाटतात. नामांतराच्या लढ्यात माणसे गमावलेल्या या भागात त्या कशा उमटतात ते वेगळे सांगायला नको. तरीही शपथेच्या चार ओळींत त्या नकोत. त्या चार ओळी हाच संविधानाचा जयजयकार आहे, आणि एकदा का माझ्या आवडत्या घोषणेला दार उघडले की दुसऱ्याच्या घोषणेला ते बंद करायचा अधिकार मला उरत नाही.

यावर नेहमी येणारा प्रश्न असा: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष शपथेच्या शेवटी देवाचे साहाय्य मागतो, ते शब्द त्यांच्या संविधानात नाहीत, तरी कुणाची हरकत नसते. आपल्याकडे ईश्वराला साक्षीला बोलावायची सोय तर मजकुरातच आहे. मग देव चालतो आणि गुरुस्थानी असलेला नेता का नाही?

देव चालतो, कारण देव रात्री अकराला तहसीलदाराच्या बदलीसाठी फोन करत नाही. नेता करतो. ज्याच्याकडे उद्या काम मागायला जायचे, ज्याने तिकीट दिले आणि जो ते काढून घेऊ शकतो, त्याच्याशी बांधिलकी शपथेच्या तोंडाशी जाहीर करणे ही श्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. निष्ठेचा रोख तिथे वळतो. आणि दिवंगत नेत्याचे नाव घेतले तरी ते बहुधा हयात वारसदाराला किंवा प्रतिस्पर्ध्याला ऐकवण्यासाठीच घेतलेले असते.

देवाची सोयही आपल्याकडे सहज आलेली नाही. मसुद्यात राष्ट्रपतींच्या शपथेत ईश्वराचा उल्लेख नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ आणि इतरांनी दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की निव्वळ नैतिक असलेल्या बंधनाला काहींच्या दृष्टीने ईश्वराचा आधार लागतो, तर काहींना आपली सदसद्विवेकबुद्धी पुरते. दोघांनाही वाट हवी. म्हणून ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन पर्याय. तिसरा पर्याय त्यांनी ठेवलेला नाही.

आपल्या गावांत मात्र देवाची साक्ष वेगळ्याच कामाला लागते. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट हातात देताना बेलभंडारा उचलायला लावणारे कार्यकर्ते कुणाला माहीत नाहीत? माळेगावच्या खंडोबाची आण घेतलेली म्हातारी मग त्या शब्दाला जागते, पैसे कमी मिळाले तरी जागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात मतदाराला दैवी कोपाचा धाक घालणे हा भ्रष्ट प्रकार ठरवलेला आहे, त्याने निवडणूक रद्द होऊ शकते. म्हणजे मतदाराला देवाचा धाक घालायला कायदा मना करतो, पुढाऱ्याला देव साक्षीला घ्यायची मुभा देतो, आणि प्रत्यक्षात शपथ पाळतो तो मतदार.

“पाळत तर कुणीच नाही, मग शब्दांचा एवढा कीस कशाला?” असे विचारणारे बरेच भेटतात. प्रश्न खोटा नाही. राष्ट्रपतींच्या शपथेच्या लगेच पुढे, ६१ व्या अनुच्छेदात, संविधानाचा भंग केल्यास महाभियोगाची तरतूद आहे. ती आजवर वापरावी लागली नाही. मंत्र्याने शपथ मोडली तर असे थेट कलमही नाही. केरळचे मंत्री आर. बालकृष्ण पिल्लै यांना एका भाषणामुळे १९८५ मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. त्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने म्हटले की शपथभंगाने मंत्रिपद आपोआप जात नाही. देवीलाल यांनी १९८९ मध्ये राष्ट्रपती वेंकटरामन ‘मंत्री’ म्हणत असताना स्वतःला ‘उपपंतप्रधान’ म्हटले, तेही सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ वर्णन म्हणून सोडून दिले. आपल्याकडचे उपमुख्यमंत्रिपदही असेच वर्णनापुरते. न्यायालये उदार आहेत, आणि त्यांनी तसेच असावे. एका शब्दासाठी सरकार पाडू नये.

पण शिक्षा नाही म्हणूनच मजकुराला किंमत आहे. लोकांच्या हाती धरायला दुसरे काहीच नाही. मंत्र्याच्या शपथेत कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता संविधान आणि कायद्यानुसार वागण्याचे वचन आहे. याचा मराठवाड्यातला अर्थ अगदी रोकडा आहे: ज्या वस्तीने मत दिले नाही तिथेही टँकर जाईल, ज्या तालुक्यात आपला आमदार पडला त्याचा निधी अडणार नाही, ठाण्यात फिर्याद घेताना आडनाव विचारले जाणार नाही. २०२४ च्या डिसेंबराकडे मागे वळून बघा. ५ तारखेला मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. ९ तारखेला बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. १० तारखेला परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटले, धरपकड झाली. १५ तारखेला नागपुरात आणखी ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, आणि त्याच दिवशी परभणीच्या धरपकडीतला एक तरुण कोठडीत असताना मरण पावला. शपथेमुळे हे घडले किंवा शपथेने टळले असते, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण त्या आठवड्यांत बीडला आणि परभणीला मोर्चांतून लोक जे मागत होते, ते शपथेत लिहिलेल्यापेक्षा एका शब्दानेही जास्त नव्हते.

मग करायचे काय? सोहळा लहान करा, राजभवनात उरका, असे काहीजण सुचवतात. खर्च वाचेल हे खरे. पण लहान सोहळा म्हणजे चांगला सोहळा असे नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे राष्ट्रपती राजवट उठवून सकाळी आठच्या सुमारास राजभवनात जी शपथ झाली, तिच्याइतका आटोपशीर शपथविधी महाराष्ट्राने पाहिलेला नाही. शपथ लोकांदेखत व्हावी, मैदानावर झाली तरी हरकत नाही. राज्यपालांनी मात्र पहिला जादा शब्द येताच थांबवावे आणि ‘मी’पासून पुन्हा म्हणायला लावावे. पक्ष कोणताही असो, पद कोणतेही असो, दरवेळी. लोकसभेने जे निर्देशात लिहिले ते विधानमंडळानेही लिहून घ्यावे. ज्यांना नेत्याला वंदन करायचे आहे त्यांच्यासाठी त्याच मैदानावर, सही झाल्यावर, हवा तेवढा वेळ आणि ध्वनिक्षेपक असतो.

दुसरे, सही केलेली ती शपथ फायलीत पडून राहू नये. जिल्हा नियोजन समितीच्या ज्या सभागृहात पालकमंत्री निधी वाटतात, तिथल्या भिंतीवर त्यांची स्वाक्षरी असलेली प्रत लावावी. खर्च एका चौकटीचा. बैठकीत एखाद्या सदस्याने आपल्या गटाचे काम का वगळले असे विचारताना नुसते त्या भिंतीकडे बोट दाखवावे.

आणि दर १७ सप्टेंबरला मुख्यमंत्री संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदनाला येतात, हुतात्म्यांना वंदन करतात, सिंचनाचे आकडे सांगतात. त्या भाषणाच्या सुरुवातीला त्यांनी आपली शपथ वाचून दाखवावी, जशी घेतली तशी. दोन मिनिटे लागतील. समोरून कुणी नेत्याच्या नावाचा जयघोष सुरू केला, तर तो थांबेपर्यंत पुढचा शब्द उच्चारू नये.